इंजिन ब्लॉकला टिकाऊ इनॅमल रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात जुन्या जीपा, अॅम्बेसेडर, पद्मिनी अजून धावतात, आणि इंजिन उतरलं की रंगाचा विषय हमखास निघतो. खालची उत्तरं मुख्यतः चार सिलिंडरच्या बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ब्लॉकसाठी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यासाठी, आहेत. अॅल्युमिनियमचं वेगळं काही असेल तिथं तसं सांगितलं आहे.

रंग दिल्यानं इंजिनला फायदा काय?

ताकद आणि अॅव्हरेज यांत काडीचाही फरक पडत नाही. बाहेरच्या गंजानं बिडाचा ब्लॉक बादही होत नाही. फायदा गळती दिसण्याचा आहे. फिकट राखाडी रंगावर तेलाचा ओघळ कुठून सुरू झाला ते पहिल्याच दिवशी कळतं. तेल पिऊन काळ्या झालेल्या ब्लॉकवर टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळतंय की हेडचं, हे ओळखायला अर्धा दिवस जातो. शिवाय पत्र्याचं ऑइल चेंबर बाहेरून सडत नाही, आणि बोल्टच्या माना शाबूत राहिल्या की पुढच्या वेळी पाना घसरत नाही. काळा रंग मात्र टाळा. छान दिसतो, पण सगळं लपवतो.

ब्लॉक बिडाचा की अॅल्युमिनियमचा, हे कसं ओळखायचं?

लोहचुंबक लावा. चिकटला तर बीड. अॅल्युमिनियमचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा: कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात कधीही बुडवायचा नाही, कारण कॉस्टिक अॅल्युमिनियम खाऊन टाकतो, आणि एच (etch) प्रायमरशिवाय, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड घेणाऱ्या प्रायमरशिवाय, रंग धरत नाही. खरं तर बहुतेक अॅल्युमिनियम ब्लॉक कंपनीतून बिनरंगाचेच येतात. ते तसेच ठेवलेले बरे.

हार्डवेअरच्या दुकानातला साधा इनॅमल चालेल का? की सायलेन्सरचा ६०० अंशांचा घ्यायचा?

दोन्ही नकोत. ६०० चा आकडा बघून भुलणारे जास्त आहेत, म्हणून आधी तापमान बघू. पाणी साधारण ८० ते १०० अंशांवर फिरतं, त्यामुळे ब्लॉकचं बाहेरचं अंग ९० ते ११० च्या आसपास राहतं. हेडवर एक्झॉस्टच्या तोंडापाशी ते बरंच वर जातं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र चढावर ४०० च्या पुढं सहज जातो. म्हणजे ब्लॉक आणि मॅनिफोल्ड ही दोन वेगळी कामं आहेत.

साधा सिंथेटिक इनॅमल १०० अंशांवर लगेच जळत नाही, पण पिवळा पडतो, कडक होऊन तडकतो आणि डिझेल सांडलं की मऊ पडतो. गेटला तो उत्तम. सायलेन्सरच्या रंगात सिलिकॉनचं रेझिन असतं. ते पक्कं व्हायला २०० अंशांच्या वरची भाजणी लागते, आणि ब्लॉक तेवढा कधीच तापत नाही. त्यामुळे तो रंग ब्लॉकवर कायम अर्धकच्चा राहतो, डिझेलच्या चिंधीनं पुसला की हाताला येतो. चिमणीसाठी मिळणाऱ्या चंदेरी हीट-रेझिस्टंट रंगाचीही हीच गत.

योग्य माल दोनच. एक, 'इंजिन इनॅमल' म्हणून मिळणारा स्प्रेचा डबा, ज्यावर साधारण २५० ते २६० अंशांपर्यंतची मर्यादा लिहिलेली असते. दुसरा, गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला हार्डनर घालायचा टू-के पॉलियुरेथेन. तेल-डिझेलला टू-के सगळ्यांत चिवट, ब्लॉकच्या तापमानालाही पुरतो, मात्र एक्झॉस्टच्या तोंडाजवळ तपकिरी पडतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून फुफ्फुसाला घातक रसायन असतं. नाकाला रुमाल बांधून तो मारू नये. काडतूसवाला मास्क आणि मोकळी हवा नसेल तर स्प्रेचा डबाच बरा.

रंग किती लागेल?

ब्लॉक, चेंबर, टायमिंग कव्हर मिळून बाहेरचा पृष्ठभाग साधारण एक चौरस मीटर भरतो. वाळलेला थर ५० ते ७० मायक्रॉनचा हवा. रंगात निम्मा भाग थिनर धरला तर ६० मायक्रॉनसाठी १२० मिलीलीटर रंग लागतो, आणि फवाऱ्यात जवळपास तेवढाच हवेत उडतो. म्हणजे गननं मारायचा तर पाव लीटर पुरे. स्प्रेचे ४०० मिलीचे दोन डबे घ्या. टॅपेट कव्हरही त्याच रंगात करायचं असेल तर तीन. एक लीटरचा डबा घेतला की उरलेला 'वाया कशाला' म्हणून त्याच ब्लॉकवर चढतो. जाड थर बोल्ट आवळताना कवचासारखा फुटतो.

धुवायचं कशानं, आणि कितीदा?

सगळं काम इथंच आहे. रंग मारायला एक दुपार लागते, धुवायला दोन दिवस लागले तरी कमीच. बीड हे ओतकाम आहे, त्याचं अंग खरखरीत आणि सच्छिद्र असतं. वर्षानुवर्षं त्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. वरून कोरडा दिसणारा ब्लॉक गरम झाला की तेल बाहेर ढकलतो आणि रंगाचे पोपडे सुटतात.

उतरवलेल्या, रिकाम्या ब्लॉकचा क्रम असा. आधी पत्री आणि तारेच्या ब्रशनं जाड चिखल-ग्रीस खरवडून काढा. मग दोन लीटर डिझेल आणि ब्रश. डिझेल मळ सोडवतं, पण स्वतः तेलकट थर मागं ठेवतं, त्यामुळे डिझेलनं धुणं ही सुरुवात आहे, शेवट नव्हे. त्यानंतर १० लीटर कडकडीत पाण्यात २०० ग्रॅम कपड्याची पावडर टाकून घासा. हे दोनदा, दर वेळी नवं पाणी घेऊन. बिडाचा ब्लॉक रीबोरला (सिलिंडर आतून कातायला) देणार असाल तर मशिन शॉपमधल्या कॉस्टिकच्या गरम टाकीतून काढून घेणं सर्वांत सोपं. घरी कॉस्टिक उकळत बसू नये, आणि वापरलेलं पाणी विहिरीजवळच्या गटारात सोडू नये.

शेवटचं धुणं उकळत्या पाण्याचं, १५-२० लीटर सलग ओता. यात एक खुबी आहे: ब्लॉक स्वतःच तापतो आणि आपल्या उष्णतेनं पाच मिनिटांत वाळतो. गार पाण्यानं धुतलेला ब्लॉक दहा मिनिटांत नारिंगी होतो, तो गंज पुन्हा घासावा लागतो. लगेच कॉम्प्रेसरची हवा मारा, विशेषतः हेड बोल्टच्या बंद भोकांत. तिथं पाणी राहिलं तर रंगावर ओघळतंच, आणि पुढं बोल्ट आवळताना त्या पाण्याच्या दाबानं ब्लॉकला चीरही जाऊ शकते. हवा मारून झाली की बोअरमध्ये इंजिन ऑइल चिंधीनं लावा. स्प्रेनं लावू नका, त्याचे कण बाहेरच्या अंगावर बसतात.

आता ब्लॉक हात ठेववणार नाही एवढा, म्हणजे ७०-८० अंशांपर्यंत, हॅलोजन दिव्याखाली तापवा. कोपऱ्यांतून आणि फासळ्यांच्या मुळाशी काळपट घाम येईल. तो कोरड्या पांढऱ्या कापडानं टिपा, ब्लॉक गार होऊ द्या आणि मगच थिनरनं पुसा. गरम ब्लॉकवर थिनर म्हणजे आगीला आमंत्रण. कापड काळं येणं थांबेपर्यंत हे करायचं. शेवटी पाण्याचे चार थेंब टाकून बघा. पाणी सलग पसरलं तर ब्लॉक तयार. मणी होऊन गोळा झालं तर तेल अजून आहे. यानंतर उघडा हात लावायचा नाही, बोटाचा ठसाही रंगाखाली उठतो.

सँडब्लास्ट केलं तर लवकर होईल ना?

लवकर होईल, पण वाळूचा वा काचेचा कण तेलाच्या नळीत अडकला तर बेअरिंग गेलंच म्हणून समजा. जोडलेल्या इंजिनावर ब्लास्टिंग अजिबात नको. रिकाम्या ब्लॉकवर करायचंच असेल तर रीबोरच्या आधी करा, आणि नंतर तेलाच्या नळ्यांचे प्लग काढून आतून लांब ब्रश फिरवा. नाहीतर ग्राइंडरचा तारेचा कप ब्रश आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरेसा. लख्ख चमकवू नका, रंगाला धरायला खरखर लागते. पॅकिंग बसतं त्या मशीन केलेल्या तोंडांवर तर ग्राइंडर नकोच.

काय काय झाकायचं?

हेड बसतं तो माथा, चेंबरची कड, टायमिंग कव्हर आणि गिअरबॉक्सचं तोंड, पाण्याच्या पंपाची बैठक, सगळ्या आट्यांची भोकं. आट्यांत जुने बोल्ट अर्धे फिरवून ठेवा. ग्रीस भरू नका, ते तापलं की रंगाखाली पाझरतं. मोठ्या तोंडांवर पुठ्ठा आणि मास्किंग टेप; टेप कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवून ब्लेड कडेला टेकवून कापा. चेंबरच्या कडेवर रंग राहिला तर सीलंट बिडाला न चिकटता रंगाला चिकटतं, आणि रंग सुटला की तिथूनच तेल गळतं. लोक मग पॅकिंगला दोष देत बसतात.

दोन जागा बहुतेक जण विसरतात. पहिली, अर्थिंगची पट्टी बसते तो चकत्याएवढा गोल. तिथं रंग चढला तर सेल्फ मारताना करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट कधी अॅक्सिलरेटरची केबल असते: तापते, वितळून अडकते. दुसरी, ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरच्या एका वायरच्या सेन्सरचे आटे. जुन्या गाड्यांत त्यांचं अर्थिंग आट्यांतूनच होतं. रंग वा टेफ्लॉन टेप मध्ये आला की मीटर खोटं दाखवतं.

इंजिन माउंटिंगच्या ब्रॅकेटखाली आणि बोल्टच्या वायसरखालीही रंग नको. आवळलेला रंग गरम होऊन दबतो आणि बोल्ट ढिला पडतो. टेप रंगाचा शेवटचा हात (थर) चिकट असतानाच सोलून काढायचा. पूर्ण वाळल्यावर ओढला तर रंगाची कड घेऊन येतो.

इंजिन नंबरावर रंग आला तर काय होतं?

कोल्हापूरची एमएच-०९ गाडी घेऊन केए-२२ किंवा केए-२३ पासिंग करणारे इथं पुष्कळ. एनओसी आणि तपासणीच्या वेळी चेसिस आणि इंजिन नंबर बघितला जातो, पेन्सिलीनं ठसाही घेतात. रंगानं भरलेला नंबर वाचता येत नाही, आणि तो वाचायला घासला तर खाडाखोड केल्यासारखा दिसतो, ते त्याहून वाईट. काम सुरू करण्याआधी नंबराचा ठसा घेऊन ठेवा, त्या पट्टीवर टेप लावा, शेवटी तिथं तेलाचं बोट फिरवा. पट्टीवर पॉलिश पेपर चालवू नका.

प्रायमर लागतो का? ओतकामातले खड्डे लांबीनं (पुटीनं) भरायचे का?

लांबी अजिबात नको. तापणं आणि गार होणं यात ती ब्लॉकपासून सुटते आणि रंगासकट तुकड्यानं पडते. ओतकामाचा खरखरीतपणा तसाच शोभतो.

प्रायमरचं म्हणाल तर इंजिन इनॅमलचे बरेच डबे स्वच्छ बिडावर थेट बसतात, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या दमट हवेत झिंक फॉस्फेटवाल्या इपॉक्सी प्रायमरचा एक पातळ हात देणं शहाणपणाचं, कारण धुणं आणि रंग यांच्यामधल्या वेळेत गंज धरत नाही. एक्झॉस्टच्या तोंडाभोवती इपॉक्सी देऊ नका. रेड ऑक्साइड खिडकीच्या गजांसाठी राखून ठेवा.

पावसाळ्यात काम करता येईल का?

जूनमध्ये इंजिन उतरलं तर रीबोर, व्हॉल्व्ह, पॅकिंग सगळं करून घ्या, रंगासाठी थांबता आलं तर थांबा. खानापूर-जांबोटीकडं तर थांबाच. चिकोडी-अथणीकडं उघडीप मिळते. अडचण दवाची आहे. हवा २४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर २२ अंशांवर दव धरतं, आणि रात्रभर फरशीवर राहिलेला ४०-५० किलोचा ब्लॉक सकाळी त्याहून गार असतो. डोळ्यांना दिसत नाही असा पाण्याचा पदर त्यावर असतो. शिवाय फवाऱ्यातला थिनर उडताना पृष्ठभाग आणखी गार करतो. परिणाम: पांढुरका, दुधाळ रंग, नाहीतर महिन्याभरात फोड.

थांबणं शक्यच नसेल तर शेड बंद करा, ५०० वॅटचे दोन हॅलोजन लावून ब्लॉक ३५-४० अंशांपर्यंत कोमट करा, दिवे बंद करा आणि मग फवारा. पेटते दिवे आणि स्प्रे एकत्र नकोत. उत्तम काळ दसऱ्यानंतर ते फेब्रुवारी, सकाळी ११ ते दुपारी ३. मार्च-एप्रिलमध्ये वारा तांबडी धूळ आणून बसवतो. आधी जमिनीवर पाणी शिंपडा.

फवारा कसा मारायचा?

डबा आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढं दोन मिनिटं हलवा. २०-२५ सेंटीमीटर अंतर. पहिला हात नुसता धुरळा, खालचं बीड दिसलं तरी चालेल. दहा मिनिटांनी दुसरा, आणखी दहा मिनिटांनी तिसरा, तोच काय तो ओला आणि भरीव. फासळ्या, खोबणी आणि बोल्टच्या बैठका आधी मारा, सपाट अंग नंतर. उलट केलं तर कोपरे भरताना सपाट भागावर ओघळ येतात. ब्लॉक लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, म्हणजे खालची कड सुटत नाही.

दोन हातांमधली मुदत डब्यावर असते. बऱ्याच इंजिन इनॅमलना एका तासाच्या आत पुढचा हात चालतो, नाहीतर थेट सात दिवसांनी. मधल्या काळात मारला तर खालचा अर्धा वाळलेला थर फुगून सुरकुततो.

ब्रशनंही चालतं का? चालतं, आणि ओतकामावर ब्रशचे व्रण दिसतही नाहीत. इंचाचा चपटा ब्रश, पातळ दोन हात. मात्र रंग डब्यातला हवा. स्प्रेचा माल झाकणात काढून ब्रशनं लावू नये, तो लावता लावता वाळतो.

भाजायचा कसा?

हवेत वाळलेला इंजिन इनॅमल नखानं खरवडता येतो. त्याला चिवटपणा येतो तो उष्णतेनं: धातू ९०-९५ अंशांवर पोचल्यानंतर २० मिनिटं. हवा नव्हे, धातू. जड ब्लॉक तिथवर यायला तास-दीड तास घेतो. पावडर कोटिंगवाल्याची भट्टी मिळाली तर तापमान कमी ठेवायला सांगा, ते लोक १८०-२०० वर चालवतात. घरच्या ओव्हनमध्ये काही घालू नका, टॅपेट कव्हरसुद्धा नाही.

'गाडी चालू केली की आपोआप भाजेल' हे गाडीत बसलेल्या जुन्या इंजिनाला ठीक: २४ तास वाळवून, १०-१५ मिनिटं चालू, पूर्ण गार, असं तीनदा. नव्यानं बांधलेल्या इंजिनाला हे करू नका. सपाट टॅपेटच्या नव्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) पहिली २० मिनिटं आयडलिंग चालत नाही, दीड-दोन हजार आरपीएमवर ठेवावं लागतं. रंगासाठी कॅमचा बळी देण्यापेक्षा जोडणीआधी दिव्यांखाली पत्र्याचं झाकण घालून भाजून घ्या.

इंजिन गाडीतच आहे. तसंच रंगवू?

दिसणारं अंग ब्रशनं होतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन पूर्ण गार असू द्या, अल्टरनेटर, सेल्फ, फ्यूएल पंप, बेल्ट आणि ब्रीदर पिशव्यांनी बांधा. बेल्टवर रंग गेला की तो चरचरतो आणि बदलावाच लागतो. सेन्सरवाल्या नव्या गाड्यांत प्रेशरचं पाणी मारू नका.

रंगानं इंजिन गरम होतं का?

नाही. उष्णता पाणी आणि रेडिएटर नेतात, ६० मायक्रॉनचा थर त्यांच्या आड येत नाही. रेडिएटरच्या जाळीवर मात्र रंग मारू नका.

रंगात गोल गोल खळगे पडले / पोपडे निघाले / फोड आले. चुकलं कुठं?

माशाच्या डोळ्यासारखे खळगे म्हणजे तेल वा सिलिकॉन. शेजारी कुणी डॅशबोर्ड पॉलिशचा स्प्रे मारला तरी होतात. वर आणखी रंग ओतून बुजत नाहीत. वाळू द्या, घासा, थिनरनं पुसा, पुन्हा मारा. मोठे पोपडे आणि पोपड्याची मागची बाजू तेलकट असेल तर धुणं कमी पडलं. मागं तांबूस पूड असेल तर रंगाखाली गंज राहिला. मागं स्वच्छ चकचकीत असेल तर पृष्ठभाग गुळगुळीत राहिला. बारीक फोड ओलाव्याचे. पोपडा फेकण्याआधी उलटून बघायची सवय लावा.

खंडेनवमीला दरवर्षी एक हात मारला तर?

पूजेच्या आदल्या रात्री तेलकट इंजिनावर मारलेला चंदेरी हात दिवाळीपर्यंत निघतो आणि खालचा चांगला रंगही सोबत नेतो. त्यापेक्षा पावडरच्या कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसून कोरडं करा, हार घाला.

पान्याचा ओरखडा गेला, तर तिथंच दुरुस्त करता येतो?

येतो. काम झाल्यावर उरलेला ३०-४० मिली रंग काचेच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, आत हवा राहिली की साय धरते. ओरखड्याची कड ३२० च्या पेपरनं उतरती करा, थिनरनं पुसा, चित्रकलेच्या ब्रशनं दोन पातळ ठिपके द्या. टू-के असेल तर हार्डनर मिसळलेला माल ठेवता येत नाही. रंग आणि हार्डनर वेगवेगळे ठेवा आणि दुरुस्तीपुरतं, चमचाभर, त्याच प्रमाणात मिसळा.